माणूस त्रासाचा नाही

स्वोर्ड्स, आयर्लंड, ८ सप्टेंबर २०२४

दादा,

शुक्रवारी माझ्यावर जो प्रसंग गुदरला तो वैऱ्यावरही येऊ नये. मला ऑफिसात टाळी मिळाली.

तुला वाटेल चांगली गोष्ट आहे. नाही. आमच्या कंपनीने सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलंय. कुणी कुणाचं कौतुक केलं की फोन वाजतो आणि पडद्यावर दोन पिवळे हात टाळ्या पिटतात. मी लॅबचं दार एका बाईसाठी धरून ठेवलं, कारण तिच्या हातात कॉफी होती आणि ती माझ्याच अंगावर सांडणार होती. निव्वळ स्वार्थ. तरी तिने मला 'सहृदय सहकारी' म्हणून टाळी दिली. ती सगळ्या विभागाला दिसली आणि मग लोकांनी त्या टाळीला टाळ्या दिल्या. आता त्या प्रत्येकाचे आभार मानेपर्यंत फोन मला आठवण करत राहणार. मी तक्रार करायला गेले, तर एचआरच्या मुलीने 'स्पष्टवक्तेपणा'बद्दल आणखी एक टाळी दिली.

ज्या घरात दहावीला बोर्डात आलेल्या मुलीला 'बरंय' म्हणून बाबांनी पेपराचं पान उलटलं, त्या घरातल्या माणसाने या वयात हे कसं सोसायचं?

बाबांचा फ्लॅट विकल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. पत्र वाजत नाही, त्यामुळे तुला ते कापता येणार नाही. फ्लॅटबद्दल मी काही लिहिणार नाही. इथलंच लिहीन.

आमच्या गोदामात ओबिना म्हणून एकजण आहे. नायजेरियाचा, अडतीस वर्षांचा. फोर्कलिफ्ट चालवतो. खांदे दाराच्या चौकटीएवढे, त्यामुळे या देशात उतरल्यापासून जो भेटेल तो त्याला ओझं उचलायलाच सांगतो. प्रत्यक्षात त्याची कंबर माझ्यापेक्षा नाजूक आहे. तिकडे तो केमिस्ट्रीचा पदवीधर. इथे पहिली पाच वर्षं आश्रय मागणाऱ्यांच्या सरकारी वसतिगृहात, कागद येण्याची वाट बघण्यात गेली. काम करायची परवानगी नाही, फक्त जेवायची. कागद आले तेव्हा एजन्सीने डिग्री बघितली, मग खांदे बघितले आणि गोदामात पाठवलं. त्याला आता सहा वर्षं झाली. मधल्या काळात गड्याने संध्याकाळी मेनूथला जाऊन प्रयोगशाळेच्या कामाचा डिप्लोमा केला. इथून मेनूथ म्हणजे दोन बस आणि एक प्रार्थना, असं तोच म्हणतो.

आता आमच्या लॅबमध्ये ॲनालिस्टची जागा निघाली आहे. याने आधी दोनदा अर्ज केला होता, तेव्हा मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. या वेळी बोलावलंय. रोज सकाळी मी त्याला बसस्टॉपवरून गाडीत घेते. मागच्या महिन्यात म्हणाला, "माय सिस्टर, तू आत बसतेस. मला आतल्या लोकांसारखं बोलायला शिकव."

मी शिकवते आहे. दर रविवारी, आमच्या स्वयंपाकघरात. त्याचा मुख्य दोष असा की त्याला स्वतःविषयी फार चांगलं मत आहे. जूनमध्ये आमच्या कोल्डरूमचं मशीन बंद पडलं, त्याचा साहेब डेक्लन सुट्टीवर होता. ओबिनाने कुणाची वाट न बघता चार माणसं गोळा केली, कुठला माल आधी हलवायचा ते ठरवलं, सगळा माल दुसऱ्या कोल्डरूममध्ये नेला आणि मग लॅबला, म्हणजे मला, फोन केला. माल वाचला. हे तो कसं सांगतो ऐक: "त्या दिवशी कंपनीने देवाचे आभार मानले, आणि देवाने माझ्याकडे बोट दाखवलं."

मी म्हटलं, हे असलं चालायचं नाही. प्रत्येक वाक्यातला 'मी' काढून 'आम्ही' घाल. आता तो म्हणतो, "आम्ही माल हलवला." सुटसुटीत. आमची शिवांगी पायरीवर बसून ऐकत होती. इथे आईला मॅम म्हणतात, तर ती तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, "मॅम, तू त्याला मुलाखत द्यायला शिकवते आहेस की माफी मागायला?" सतरा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतं.

आमची लॅबप्रमुख ईफा. तिने चहाच्या वेळी त्याच्याबद्दल विचारलं, तेव्हा मी चांगला शब्दही टाकून ठेवला आहे. त्याला घेतील, मला खात्री आहे.

यामी


स्वोर्ड्स, १३ ऑक्टोबर २०२४

दादा,

चित्रावहिनीने कळवलं की पत्र पोचलं. तू ते दोनदा वाचलंस, घडी घातलीस आणि 'बरंय' म्हणालास. एवढं कौतुक अपेक्षित नव्हतं.

ओबिनाला घेतलं नाही.

का, ते कुणी सांगत नाही. ईमेल आला: आपण वेळ काढलात, आभारी आहोत, अर्ज करत राहा. ती जागा बाहेरच्या एका मुलीला मिळाली. पोरगी चांगली असेल. मला राग तिचा नाही. आमच्या कँटीनमध्ये एकदा येऊन बघ. खालच्या मजल्यावर, माल चढवण्याच्या धक्क्याजवळच्या टेबलांवर, नायजेरिया, काँगो, ब्राझील. वरच्या मजल्यावर आयरिश आणि आपण. कुणी पाटी लावलेली नाही. जिन्यालाच सगळं माहीत आहे.

काल दसऱ्याला मंडळाचा कार्यक्रम होता. सोनं वाटलं, म्हणजे शिवांगीच्या मैत्रिणींनी हिरव्या कागदाची पानं कापली होती ती वाटली. तिथे नरेंद्र होता. तो ग्रँड कॅनाल डॉकला कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहे, आणि कुठल्या ते तुला विचारावं लागत नाही, त्याच्या जॅकेटवर असतं. मी ओबिनाचं सांगितलं तर म्हणाला, "यामिनीताई, वाईट वाटून घेऊ नका. त्या लोकांना अंगमेहनतीचं काम सूट होतं. आपलं वेगळं. आपण मेरिटवर आलो."

मी म्हटलं, "नरेंद्र, तुझं मेरिट मोठं आहेच. तुझ्या वडिलांनी ते कोथरूडला क्लास लावून घरी आणलं होतं ना?"

तो हसला. त्याची बायको हसली नाही. तिला मी जरा आवडू लागले आहे.

पण आपण मेरिटवर आलो हे खरंच आहे म्हणा. माझी पहिली नोकरी कशी लागली हे तुला माहीतच आहे. तेव्हा मला कुणाची चिठ्ठी नव्हती.

ओबिना हल्ली माझ्या गाडीत येत नाही. "बस बरी आहे," म्हणतो. रागावलेला दिसत नाही, पण गप्प असतो. बोलका माणूस गप्प झाला की गाडीतली जागा वाढते, असं मी म्हणणार होते, पण तो गाडीतच नसतो.

यामी


स्वोर्ड्स, १७ नोव्हेंबर २०२४

दादा,

आधी एक सांगून टाकते. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी ईफाजवळ चांगला शब्द टाकला. तो शब्द कोणता, ते लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

सोमवारी मी ईफाला गाठलं. किटली उकळत होती. म्हटलं, ओबिनाचं काय चुकलं ते मला सांग, मी त्याची तयारी करून घेतली होती.

ती म्हणाली, "तू? अगं, मग तू त्याला सांगितलं नाहीस का? आम्ही चारदा विचारलं, की कोल्डरूमच्या वेळी तू स्वतः काय केलंस. दरवेळी 'आम्ही हलवलं, आमच्या टीमने ठरवलं.' शेवटी आम्हाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी ठरवलं असेल आणि याने खोकी उचलली."

मी किटलीकडे बघत राहिले.

"आणि मी तुलाही विचारलं होतं," ईफा म्हणाली, "इथेच. तू काय म्हणालीस आठवतं?"

आठवत होतं. मी म्हणाले होते, "माणूस त्रासाचा नाही."

दादा, तूच सांग. आपल्याकडे हे वाक्य म्हणजे शाल-श्रीफळ आहे. बाबांनी जावयाबद्दल सात वर्षांनी हे वाक्य काढलं, तेव्हा आईने साखर वाटली होती. मी ते मनापासून म्हटलं होतं.

मग मला राग आला, आणि राग आला की मला इंग्रजी चांगलं येतं. मी म्हटलं, "गेल्या वर्षी तू कॉनरला घेतलंस. त्याचा साहेब त्याच्याबद्दल काय म्हणाला होता? 'पोरगा अगदीच टाकाऊ नाही.' मी ऐकलंय. त्यावर तू हसलीस आणि त्याला घेतलंस."

ईफा म्हणाली, "हो, पण कॉनरला सगळे ओळखतात. त्याचे वडील…"

आणि ती थांबली. बाई प्रामाणिक आहे. स्वतःचं अर्धं वाक्य तिने स्वतः ऐकलं. कॉनरबद्दल कुणी हात राखून बोललं तर ऐकणारा बाकीचं पदरचं घालून घेतो. ओबिनाबद्दल बोललं तर जेवढं बोललं तेवढंच धरतो, किंवा त्यातूनही कापतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी त्याला आतल्या लोकांसारखं बोलायला शिकवलं, पण ते तसं बोलणं फक्त आतल्यांनाच परवडतं.

ईफा म्हणाली, जानेवारीत आणखी एक जागा निघते आहे, त्याला अर्ज करू दे. मी गोदामात गेले. तिथे डेक्लन भेटला. तो आनंदात होता. म्हणाला, "तुमच्या लॅबने त्याला नाही घेतलं ते बरं झालं. मी त्याला शिफ्टचा मुकादम करतोय. पगार वाढेल, नोकरी कायम. पुढच्या शुक्रवारी सही करायची. आयर्लंडमध्ये असा फोर्कलिफ्टवाला नाही!"

बघ, तोही कौतुकच करत होता. इतकं कौतुक की माणूस तिथून हलूच नये.

ओबिना बाहेर पार्किंगमध्ये सफरचंद खात उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. 'आम्ही'चं, आणि किटलीचंही.

तो म्हणाला, "म्हणजे तू सांगायला आलीस की मी तुझ्यामुळे पडलो?"

"अर्धा माझ्यामुळे."

"आणि उरलेला अर्धा?"

"उरलेला अर्धा, तुझं नाव कॉनर नाही म्हणून."

तो इतका हसला की सफरचंदाचा घास ठसक्यात गेला. "माय सिस्टर, तो अर्धा मला माहीत आहे. अकरा वर्षं तो अर्धा आणि मी शेजारी राहतो. तुझा अर्धा मात्र नवीन आहे. तू मला इंडियन केलंस!"

"महाराष्ट्रीय," मी म्हटलं. "पंजाबी असते तर तुला घेतलं असतं."

मग त्याचं हसू ओसरलं. म्हणाला, "मी पुढच्या शुक्रवारी सही करतो. खरंच दमलोय. पुन्हा अर्ज, पुन्हा सूट, पुन्हा आभारी आहोत. घरी मुलगा विचारतो, डॅड, तू केमिस्ट आहेस की ड्रायव्हर? त्याला सांगायला काहीतरी एकच उत्तर हवं. आणि डेक्लन निदान तोंडावर म्हणतो तरी, की मी उत्तम आहे. तू कधी म्हणालीस?"

"मी काही म्हटलं नाही म्हणजे ते तसं नाही असं नव्हे."

"मग म्हण."

दादा, दुपारची वेळ, वारा सुटलेला, दोन माणसं गाड्या काढत होती. मी म्हटलं, "तू… नियमित आहेस."

"नियमित बस असते. तीही इथे नसते. पुन्हा."

"तुझ्या कामाबद्दल कधी तक्रार आली नाही."

"फ्रीजबद्दलही येत नाही. पुन्हा."

मला घाम फुटला. हसू नकोस. शेवटी मी त्याच्याकडे न बघता, समोरच्या लाल गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत बोलले. म्हटलं, "त्या दिवशी तू माल हलवायचा निर्णय घेतलास, म्हणून तो वाचला. मी तुझ्या जागी असते तर वरिष्ठांच्या फोनची वाट बघत बसले असते आणि सगळं फुकट गेलं असतं. तुला डोकं आहे, आणि ते घाबरत नाही. मला माझ्या लॅबमध्ये तू हवा आहेस. दया म्हणून नाही. माझ्या सोयीसाठी."

त्याने सफरचंदाचा शेवटचा घास खाल्ला. मग म्हणाला, "दुखलं का फार?"

"हो."

"हेच ईफासमोर म्हणशील?"

म्हणेन, म्हटलं. त्याने सफरचंदाचा गाभा डब्यात टाकला. सही करणार की नाही, ते मात्र सांगितलं नाही.

यामी


स्वोर्ड्स, २६ जानेवारी २०२५

दादा,

त्याने सही केली नाही. डेक्लनने ती जागा दुसऱ्याला दिली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. कँटीनमध्ये मी दिसले की तो पुडिंगचं निरीक्षण करतो. म्हणजे आता मुलाखत हुकली असती तर ओबिनाच्या हातात काहीच नव्हतं. जुनी शिफ्ट, जुना पगार, आणि डेक्लनची खप्पामर्जी.

डिसेंबरभर आम्ही रविवारी बसलो. या वेळी तो बोलायचा आणि मी तोंडात सुपारी धरून गप्प बसायचे. 'आम्ही' आला की शिवांगी चमचा टेबलावर आपटायची. देवाला तेवढं वाक्यातून काढायला लावलं, कारण पॅनेल देवाचा पुरावा मागेल.

ईफाने या वेळी मला रीतसर बोलावून विचारलं. शेजारी एचआरची तीच मुलगी. मी जे पार्किंगमध्ये बोलले ते सगळं बोलले, आणि नंबरप्लेट नसताना. मध्येच थांबून मी म्हटलं, "हे मी कॉनरबद्दल म्हटलं असतं तर अतिशयोक्ती झाली असती, हेही लिहून घ्या." ईफा खाली बघून हसली. तिने लिहून घेतलं.

ओबिना तीन तुकड्यांचा निळा सूट घालून गेला होता. बाहेर आला तेव्हा विचारलं, कसं झालं. म्हणाला, "मी इतका 'मी' होतो की मलाच माझा हेवा वाटला."

त्याला घेतलं, दादा.

पगार मुकादमापेक्षा कमी, पहिले सहा महिने कच्चे. त्याने तरी हो म्हटलं. त्याच्या बायकोने मला फोन केला. तिचं मला एक वाक्य समजलं, की घरात सगळे नाचताहेत. बाकीचं नाचण्यात गेलं.

यामी


स्वोर्ड्स, ९ फेब्रुवारी २०२५

दादा,

मंगळवारी ओबिना लॅबमध्ये रुजू झाला. फाटकावरच्या नव्या वॉचमनने गळ्यातलं कार्ड न बघताच त्याला धक्क्याकडे बोट दाखवलं. "माल तिकडून." ओबिनाने त्याला गुड मॉर्निंग केलं, कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं आणि पुढच्या दाराने आला. मी विचारलं, राग नाही आला? म्हणाला, "आला. उद्याही येईल. पण उद्याही मी याच दाराने येईन."

त्याच दिवशी चित्रावहिनीचा मेसेज आला. लांबलचक. वहिनी लांब लिहीत नाही, म्हणून उभ्याउभ्याच वाचला. तिने लिहिलं होतं की माझं गेलं पत्र वाचून तू घडी घातलीस आणि म्हणालास, "यामीच्या वेळी मी गेलो होतो साहेबांकडे."

मला हे माहीत नव्हतं.

पिंपरीच्या त्या कंपनीत तू टूलरूमला होतास, आणि मला तिथेच पहिली नोकरी लागली, हा योगायोग मी इतकी वर्षं योगायोग म्हणूनच सांगत आले. वहिनी म्हणते, माझ्या मुलाखतीच्या आधी तू पाळी संपल्यावर, हात धुऊन, वर्क्स मॅनेजरच्या केबिनबाहेर तासभर उभा होतास. आत गेल्यावर त्यांना म्हणालास, "बहीण आहे म्हणून सांगत नाही. तिला एकदा नीट बघा. तिचं काही चुकलं तर ती लपवत नाही."

त्या लॅबला असाच माणूस हवा होता, असं मॅनेजर नंतर तुला म्हणाले म्हणे. तू घरी येऊन कुणाला काही बोलला नाहीस. बाबांना नाही, मला तर नाहीच. मला नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा तू जेवत होतास. 'बरंय' म्हणालास आणि आमटी वाढून घेतलीस.

मी तो मेसेज दोनदा वाचला. मग लॅबच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. ओबिना आत त्याच्या टेबलाची उंची खालीवर करून बघत होता. त्याच्या खांद्यांच्या मापाचा पांढरा कोट अजून आलेला नाही, आहे त्याच्या बाह्या कोपरापाशीच संपतात.

काल मंडळात नरेंद्र भेटला. पुन्हा मेरिटवर आला. मी म्हटलं, माझं मेरिट पिंपरीत टूलरूमला होतं. त्याला कळलं नाही. त्याच्या बायकोने मला बाजूला नेऊन सगळी गोष्ट विचारून घेतली.

आणि परवा दुपारी ओबिनाने मला विचारलं, "माय सिस्टर, तुला पहिल्यांदा आत कुणी घेतलं?"

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण. दीनानाथ वामन खांबेटे. त्याला ते म्हणता येईना. 'खांबेटे'शी तर त्याची झटापटच झाली. काम बाजूला ठेवून आम्ही दोघं उभे राहिलो, आणि त्याला नीट येईपर्यंत मी त्याच्याकडून ते म्हणवून घेतलं.

यामी